नागपूरची पिशवी

मोहाडीपासून चार मैलांवरच्या एका गावात, लक्ष्मणरावांच्या अंगणात, रविवारी सकाळी दहा वाजता सभा भरली. विषय एकच होता : उर्वशीच्या लग्नाचा बस्ता नागपुरात नेमका कोठे बांधावा. तो नागपुरातच बांधावा की नाही, हा विषय सभेपुढे नव्हता. कारध्याच्या सत्यभामाबाईंनी, म्हणजे उर्वशीच्या होणाऱ्या सासूबाईंनी, तो साक्षगंधाच्याच दिवशी निकालात काढला होता. "आमच्या इकडं नवरीची साडी नागपूरची राहते," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्यांनी सुपारी फोडली. ती फुटण्याच्या आवाजावरून लक्ष्मणरावांनी ओळखले, की साडी नागपूरची नसली तर पोरीला जन्मभर ऐकावे लागणार.

सभा चालू असताना भिंतीपलीकडून खटखट ऐकू येत होती. तिकडे पुंडलिकरावांचा हातमाग. त्यावर हळदीच्या रंगाची, करवतकाठी, कोशाच्या रेशमाची साडी शेवटच्या वितेला आली होती. गेले महिनाभर उर्वशी भिंतीवरून ती साडी वाढताना पाहत होती, परसातला वेल पाहावा तशी.

"बाबा, मले पुंडलिककाकाची साडी पाहिजे," ती म्हणाली.

"साडी चांगली आहे, बेटा. पण तिचा पत्ता आपलाच आहे. सासूले काय सांगू, भिंतीवरून घेतली?"

सभेचे अध्यक्ष बाबूलाल होते. ते बत्तीस वर्षे भंडारा-नागपूर एसटीवर कंडक्टर होते. नागपूरच्या बस स्थानकाचा त्यांचा अभ्यास सखोल होता. बाहेरच्या शहराचा त्यांनी त्यावरून अंदाज बांधला होता.

"नागपूर लहान गाव नोहे," ते म्हणाले. "राजेरजवाड्याचं शहर आहे. तिथं जो एकदा फसला, त्यालेच तिथलं कळते. म्हणून फसलेल्यालेच मत."

पात्रता तपासणी सुरू झाली. लक्ष्मणरावांच्या साळ्याने नागपूरच्या इतवारीत घेतलेली पँट पहिल्याच धुण्यात गुडघ्यापर्यंत आली होती. त्याला एक मत मिळाले. आनंदाबाई, म्हणजे लक्ष्मणरावांच्या घरच्या, यांना बर्डीच्या बाजारात दोन्ही चपला डाव्या पायाच्या मिळाल्या होत्या; त्यांना दोन मते देण्यात आली.

"तुमी फसले कधी, लक्ष्मणराव?"

"नाई."

"काहून?"

"काही घेतलंच नाई कधी."

"मंग बसा गुपचाप."

अशा रीतीने मुलीचा बाप निरीक्षक म्हणून बसला. सभेने ठराव केला, की प्रत्येक दुकानदाराला छाननीचा एकच प्रश्न विचारावा : तुमच्या घरच्या लग्नाचा बस्ता तुम्ही कोठे बांधला? जेथे दुकानदार स्वतः घेतो, तेथेच घ्यायचे. ठरावाला टाळ्या पडल्या.

बुधवारी पहाटे, लग्नाला नऊ दिवस उरले असताना, एका तुफान जीपगाडीत अकरा माणसे बसली. गाडी हलली तेव्हा पुंडलिकराव काखेत काहीतरी धरून दारात उभे होते आणि जोरजोराने हात हलवत होते. गाडीतल्या अकराही जणांनी प्रेमाने हात हलवला.

इतवारीतल्या शेठने पांढऱ्या गादीवर बसवले, चहा पाजला, चाळीस साड्या उलगडल्या. बाबूलालांनी प्रश्न विचारला. शेठ सज्जन होता. "सच बोलू का, काका? घरच्या लग्नाले आम्ही बर्डीवर गेलो. इथं सगळे ओळखीचे, घासाघीस करायची लाज वाटते."

अकरा माणसे उठून बर्डीवर गेली. तेथे एसी होता आणि सेल्समन पाणी देण्यापूर्वी नाव विचारत होता. मालक म्हणाला, "आमच्या मिसेसला बर्डीची गर्दी सोसत नाही. आम्ही महाल भागात घेतो. जुनं दुकान आहे, जिन्यावरचं."

अकरा माणसे जिन्यावर आली. महालातल्या म्हाताऱ्या शेठने चष्मा काढून ठेवला, म्हणजे आता तो खरे बोलणार होता.

"घरच्या कार्याला आम्ही दुकानातलं घेत नाही हो. सरळ विणकराकडे जातो. तिकडे, मोहाडीच्या पुढं. कोणाला सांगू नका." आणि त्याने कार्डाच्या मागे रस्ता लिहून दिला.

लक्ष्मणरावांनी वाचले : गावात शिरल्यावर तलावाची पाळ सोडू नये. पुढे लक्ष्मण नावाच्या इसमाची म्हैस रस्त्यात बांधलेली असते. तिला वळसा घालून दुसरे दार. सावध. म्हैस मारते.

"मारत नाई ते," लक्ष्मणराव दुखावून म्हणाले. "अनोळखी माणूस दिसला तर पाहते फक्त."

जिन्यातच तातडीची सभा झाली. साडी गावची असावी, मान नागपूरचा असावा, आणि या दोन बाबींचा मेळ घालण्यासाठी दुकानाची पिशवी हस्तगत करावी, असे ठरले. शेठने नियम सांगितला : खरेदी केल्याशिवाय पिशवी नाही. तेव्हा अकरा जणांनी एकेक रुमाल घेतला आणि अकरा पिशव्या ताब्यात घेतल्या. पिशवी देखणी होती. जांभळा रंग, दोरीचे बंद, सोनेरी अक्षरांत महालाचा पत्ता तीन भाषांत.

संध्याकाळी लक्ष्मणराव म्हशीला वळसा घालून पुंडलिकरावांच्या दारात गेले. माग रिकामा होता.

"साडी कोठी आहे?"

"गेली ना. महालातल्या शेठकडं. सकाळच्या एसटीनं, तुमच्या मागंच."

"सकाळी सांगता नाई आलं?"

"पार्सल घेऊनच तर उभा होतो मी. तुमच्या गाडीत देतो म्हटलं. इतका हात केला, तुमी सारे टाटा करून राहिले."

परिस्थिती गंभीर झाली. साडी नागपुरात पिशवीविना होती आणि पिशव्या गावात साडीविना होत्या. दुसरी साडी विणायला महिना लागणार होता. उर्वशी जेवली नाही. गुरुवारी लक्ष्मणराव एकटेच एसटीने गेले.

शेठने चष्मा लावला नव्हता, त्यामुळे त्याने त्यांना ओळखले नाही. पार्सल अजून फोडलेले नव्हते. "घेऊन जा असंच," तो म्हणाला. "पिशवी नाही मिळणार. काल कुठली तरी टोळी आली होती, रुमालावर सगळ्या पिशव्या घेऊन गेली. खेड्यातले लोक हो, काय बोलणार."

लक्ष्मणरावांनी मान डोलावली.

पुंडलिकरावांच्या गाठीत, पुंडलिकरावांच्याच जुन्या पेपरात गुंडाळलेली साडी त्यांनी घरी आणली. ज्या भावात भिंतीवरून मिळाली असती त्याच्या दुप्पट पडली, हे ऐकून आनंदाबाईंचा चेहरा उजळला.

"चला, फसले एकदाचे. आता तुमालेही मत आलं."

शनिवारी सत्यभामाबाई बस्ता पाहायला आल्या. चटईवर पिशवी मांडली होती, पिशवीत साडी होती. बाईंनी पिशवी मांडीवर घेतली. पत्त्यावरून बोट फिरवले, बंद ओढून पाहिले, तळ दाबून पाहिला.

"महाल," त्या म्हणाल्या. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी खाली ठेवली.

"साडी दाखवू ना, आत्याबाई?" उर्वशीने विचारले.

"राहू दे माय. उगाच घडी मोडते. पिशवी तेवढी जपून ठेवजो, मांडवात समोर ठेवा लागते."

लग्न थाटात झाले. उर्वशी आपल्या साडीत बोहल्यावर उभी राहिली. पुंडलिकराव पहिल्या रांगेत अक्षता घेऊन होते. ते काठाकडे पाहत होते, बाकीचे पिशवीकडे.

पुढच्याच आठवड्यात पुंडलिकरावांचे डोके भिंतीवर आले.

"लक्ष्मणराव, थोडं काम होतं. आमच्या गुड्डीचं जमलं. पाहुणे म्हणतात, बस्ता नागपूरचाच पाहिजे."

"अरे, तुमी तर सोता साडी विणता."

"तेच तर अडचण झाली ना बाप्पा. एखादी पिशवी द्या."

आता गावात पिशवी समिती आहे. अध्यक्ष बाबूलाल. पिशवीसाठी अर्ज, अर्जासोबत लग्नपत्रिका, आणि परत करताना बंद तुटलेला नसल्याचा दोन साक्षीदारांचा दाखला लागतो. मागच्या हंगामात गावातल्या अंकुशच्या बहिणीच्या लग्नात घाईत साडी ठेवायची राहिली आणि पिशवी नुसते पेपर भरूनच मांडली गेली. वरपक्षाने पूर्ण समाधान व्यक्त केले. दुसऱ्या एका लग्नात पिशवीत साडी होती. पिशवी परत आली तरी साडी आतच होती, आणि मधल्या काळात तिची कोणाला आठवण झाली नव्हती. महालातल्या शेठने दुकान बंद केले म्हणतात. पिशव्यांची मागणी त्यामुळे उलट वाढली.

सुरकुती पडू नये म्हणून या अकराही पिशव्या लक्ष्मणरावांच्या पलंगावर, गादीखाली, दाबून ठेवलेल्या असतात.

खेड्यातल्या लोकांना हसायला हरकत नाही. फक्त हसण्यापूर्वी उठून आपल्या गादीचा कोपरा उचलावा, आणि खाली जी घडी घातलेली पिशवी सापडेल, तिच्यावरचा पत्ता मोठ्याने वाचावा.