अष्टपुत्रेबाई आणि पाचवी पायरी

एका जंगलात, बाळांनो, कोळ्यांची एक सॉफ्टवेअर कंपनी होती. कोळ्यांचीच का, असं विचारू नका. जाळं विणायचं, त्यात स्वतःच अडकायचं आणि वर कौतुक करून घ्यायचं, हे दुसऱ्या कुणाला जमणार?

कंपनीच्या प्रमुख होत्या अष्टपुत्रेबाई. कामसू, काळजीखोर आणि आठही पायांनी एकदम टाईप करणाऱ्या. त्यांनी हरणांसाठी पाणवठ्यावर एक घंटा बसवली होती. वाटेवरच्या धाग्याला पाय लागला की सॉफ्टवेअरने तो वाघाचा आहे का ते ओळखायचं आणि घंटा वाजवायची. मग हरणं पाणी सोडून पळणार.

पण प्रत्येक कोळी मनाला येईल तसं काम करायचा. त्यामुळे घंटा कधी सशाच्या पायाने वाजायची, तर कधी वाघ जेवून, तोंड पुसून घरी गेल्यावर. हरणांचे पुढारी चितळेकाका एकदा येऊन शांतपणे म्हणाले, "बाई, घंटा छान आहे. फक्त ती आम्ही जिवंत असताना वाजली तर बरं पडेल."

बाईंना ते फार लागलं. त्यांनी बगळेसरांना बोलावलं. सर एका पायावर उभे राहून सल्ला द्यायचे. त्यांच्याकडे सगळ्या जंगलांनी मान्य केलेलं एक मानक होतं. त्याला पाच पायऱ्या. पहिल्या पायरीवर गोंधळ, पाचवीवर मोक्ष.

खरं सांगायचं, तर दुसरी पायरी गुणाची निघाली. काय करायचं ते आधी ठरवा, एकाने केलेलं दुसऱ्याने तपासा, असं मानक सांगत होतं. कोळ्यांनी तसं केलं आणि घंटा वेळेवर वाजू लागली. सशांची उगाच होणारी बदनामी थांबली. चितळेकाकांनी कोवळ्या पाल्याची जुडी पाठवली. कोळ्यांना तिचा उपयोग नव्हता, पण भावना पोचली.

इथे थांबायला हवं होतं. पण शेजारच्या जंगलातल्या मुंग्या चौथ्या पायरीवर आहेत, असं सर सहज बोलून गेले, आणि बाईंची झोप उडाली.

तिसरीसाठी तपासणाऱ्यांवर तपासणारे नेमले. चौथीसाठी त्या सगळ्यांची मोजमापं घेतली. पाचवीचं प्रमाणपत्र मिळालं त्या दिवशी कंपनीत एकही कोळी जाळं विणत नव्हता. सगळे बैठकीत होते.

नेमकी तेव्हाच वाघाने वाट बदलली. तो बांबूच्या बाजूने येऊ लागला. तिकडे धागाच नव्हता. बाई धागा घेऊन निघाल्या. काम एका पायाचं होतं. पण बगळेसरांनी पंख आडवा घातला. कुठलाही बदल आधी बदल समितीपुढे जायला हवा, आणि समितीचे अध्यक्ष कासवराव बैठकीला निघालेले होते. मागच्या ऋतूतच निघाले होते.

बाईंनी विचारलं, "तोवर कुणाचा जीव गेला तर?"

"तर ती नोंद फार मोलाची ठरेल," सर म्हणाले. "सुधारणा अशा नोंदींवरच होते."

त्याच संध्याकाळी चितळेकाकांच्या मेहुण्याची शेपटी गेली. मेहुणा वाचला, पण शेपटीशिवाय लग्नाकार्याला जाणं त्याला अवघड झालं. चितळेकाका त्याला घेऊन बाईंच्या दारात आले आणि त्याची मागची बाजू बाईंना दाखवून परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणालाही न विचारता, त्या थेट वाघाच्या गुहेत गेल्या. वाघ दातांत अडकलेले शेपटीचे केस काढत बसला होता. बाईंनी आधी तब्येतीची चौकशी केली. मग फार हळहळून म्हणाल्या, "वाघसाहेब, इतकी धावपळ, आणि हाती काय, तर शेपटी. राग मानू नका, पण तुम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहात."

वाघाशी आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. पायरी म्हणजे काय, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण वाघाने पहिल्या पायरीवर असू नये, एवढं त्याला कळलं.

"सिंह कितव्या पायरीवर आहे?" त्याने विचारलं.

"त्यांनी अजून अर्जच केलेला नाही," बाई म्हणाल्या.

वाघाने त्याच दिवशी बगळेसरांना नेमून टाकलं.

आता भूक लागली की वाघ आधी तिची नोंद करतो. मग शिकारीची योजना, मग योजनेची तपासणी, मग सर्व संबंधितांची बैठक. संबंधित म्हणजे अर्थातच हरणं. ती वेळेवर येतात, पुढच्या रांगेत बसतात आणि बारीकसारीक सुधारणा सुचवतात. झेप किती उंच असावी, यावर अजून एकमत झालेलं नाही.

वाघ वाळून काटकी झाला आहे, पण त्याची तक्रार नाही. गळ्यात चौथ्या पायरीचं प्रमाणपत्र अडकवून तो पाणवठ्यावर येतो, हरणांच्या शेजारी पाणी पितो, आणि पाचवीची तयारी कुठवर आली, ते कुणी विचारायच्या आत सांगू लागतो.

तात्पर्य: उत्तम मानकांमुळे जीव वाचतात, यात शंका नाही. फक्त ती आपण पाळण्याआधी शत्रूला पाळायला लावावीत.