जुनी दुखणी सोडून

"हॅ! जादा विम्याचं काय घेऊन बसलीस? चुटकीसरशी होणारं काम!" वाघोबा बायकोला म्हणाला.

वाघोबा हे मित्रांनी ठेवलेलं नाव. परदेशात लिफ्ट दुरुस्तीची नोकरी. बाराव्या मजल्याच्या पोकळीत दोराला लटकून हा बाबा शीळ घालायचा. पण नर्सच्या हातात सुई दिसली की डोळे पांढरे!

मामला मात्र गंभीर होता. कंपनीच्या विम्यावर ऑपरेशन करायचं तर भलीमोठी रांग. त्याच्या एका सहकाऱ्याचा गुडघा कामावर दुखावला, बिचारा रांगेत थांबला आणि तेवढ्यात नोकरी गेली. नोकरीबरोबर राहण्याचा परवाना गेला, बायकापोरांसकट मायदेशी परत! तेव्हापासून वाघोबा शिडी चढताना स्वतःच्या गुडघ्यांकडे संशयाने बघायचा. वरचा जादा विमा घेतला की रांग नाही. पण त्याआधी विमा कंपनीच्या डॉक्टरांकडून तपासणी.

"अहो, तिथं विचारतील तेवढंच बोला," बायकोने बजावलं.

"मला शिकवतेस?"

डॉक्टरांनी हसून विचारलं, "काय, कशी आहे तब्येत?"

आता वाघोबाच्या घराण्यात या प्रश्नाला 'मजेत' म्हणायची सोय नव्हती. दृष्ट लागते! त्याचे आजोबा म्हातारपणीही विहिरीत सूर मारायचे आणि वर येऊन सांगायचे, "आमचं काय, पिकलं पान!" आणि आज, ऐन विम्याच्या दिवशी, आपणच आपल्या तोंडाने 'ठणठणीत' म्हणायचं? नको रे बाबा!

"चाललंय कसंबसं," वाघोबा म्हणाला. "ढकलायचे दिवस."

डॉक्टरांचं हसू मावळलं. "गुडघे?"

"असून नसल्यासारखे."

"पाठ?"

"पाठीचं तर नावच काढू नका!"

"झोप?"

"कसली झोप अन् कसलं काय!"

"छातीत काही?"

"धडधडतंय हो!" हे मात्र खरं होतं, कारण नर्स सुया घेऊन आत आली होती.

डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरे म्हणाले, "हं."

वाघोबाने त्या 'हं'चा अर्थ लावला. माणूस 'हं' कधी म्हणतो? काही उरलं नसलं की! त्याला आडवं केलं, छातीला वायरी चिकटवल्या. पडद्यावरची रेघ कढईतल्या मोहरीसारखी उडायला लागली.

"अगं ए!" तो दाराकडे बघून ओरडला. "पोरीला सांभाळ गं!"

बायको धावत आत आली. "काय झालं?"

"ते सांगत नाहीयेत! नुसते एकमेकांकडे बघतायत!"

रक्त काढलं, फोटो काढले, पोट दाबून झालं. बायकोचा हात वाघोबाने असा धरला होता की तिच्या बांगड्या रुतल्या. शेवटी डॉक्टर आले.

"घोड्यासारखे आहात! काही म्हणजे काही झालेलं नाही."

वाघोबाने डॉक्टरांना मिठीच मारली! तसाच उड्या मारत तो बाहेरच्या विम्याच्या खिडकीपाशी गेला.

तिथल्या बाई म्हणाल्या, "अभिनंदन! विमा मंजूर. फक्त जुनी दुखणी सोडून. गुडघे, पाठ, छाती, झोप."

"अहो, पण मला काही झालेलंच नाही!"

"तुम्हीच तर डॉक्टरांना सांगितलंत."

"ती आमची बोलायची पद्धत आहे हो!"

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तपासणीत खोटं बोललात? मग विमाच रद्द करावा लागेल."

"नाही, नाही!" वाघोबा कंबर धरून वाकला. "दुखतं! फार दुखतं! आई गं!"

बायकोने कपाळाला हात लावला. "मग आता यांच्यासाठी उरलं काय?"

"असं कसं? महत्त्वाचं उरलंय की!" बाई प्रेमाने म्हणाल्या. "हे इथं वारले, तर मायदेशी पोचवायचा खर्च आमचा. आणि त्याला अजिबात रांग नाही!"

वाघोबा मटकन खुर्चीत बसला.

"अहो, उठा. घरी चला."

"गुडघ्यांत जोर नाही गं," तो म्हणाला; आणि या खेपेला ते शंभर टक्के खरं होतं!