निर्गुडीचं स्थळ

आमच्या रोह्याच्या आळीतला विनायक झाडपाल्याची लग्नं जुळवतो. नवरा एकच, चिकनगुनियाचा विषाणू. नवऱ्या मात्र रोज नव्या: अडुळसा, गुळवेल, तुळस. सकाळी अंघोळ झाली की कंप्युटरपुढे बसतो आणि खिडकीतून मला सांगतो, "काकी, आज गुळवेलीचं स्थळ आलंय." दुपारी विचारलं की म्हणतो, "नाय जमलं."

"जमलं तर काय होतं रे?"

"विषाणूचे हातपाय बांधले जातात. त्याला पुढं वाढता येत नाय."

"ते सगळ्याच लग्नांत होतं," मी म्हटलं.

विनायक कंपनीच्या लॅबमधून निवृत्त झाला. त्याच्या वयाचे लोक पारावर बसून राजकारण करतात. याने भाचीकडून हे शिकून घेतलं. झाडात जे जे औषधी अंश असतात त्यांची चित्रं कंप्युटरात असतात, आणि विषाणूच्या अंगावर असते खाच. अंश त्या खाचेत घट्ट बसतो का, हे कंप्युटर फिरवून फिरवून बघतो आणि मार्क देतो. हे मार्क शून्याच्या खाली. जितके खाली तितकं स्थळ चांगलं. आमच्या शाळेत असले मार्क पडले असते तर मास्तरांनी अंगठे धरायला लावले असते.

सुरुवातीला आळीतल्या बायका त्याच्याकडे पाल्याच्या जुड्या घेऊन गेल्या. मीही गेले. माझी जुडी धुऊन फडक्याने कोरडी केलेली, ओली घातली तर मशीन बिघडेल म्हणून. विनायक कपाळाला हात लावून बसला. त्याची बायको शैला हसून हसून दमली.

शैलाचं ते शेवटचं मोठं हसणं. पुढच्या पावसाळ्यात तिला चिकनगुनिया झाला. ताप गेला, सांधे धरले ते धरलेच. तिला भाकरी थापता येईना, वेणी घालता येईना. विनायक भाकरी थापायला लागला, वेणीही घालतो. दोन्ही वाकड्या होतात.

मग एक दिवस निर्गुडीला सगळ्यांत चांगले मार्क पडले. शैला म्हणाली, "मला काढा करून द्या."

"शेक घे. प्यायची नाय," विनायक म्हणाला. "नुसती पत्रिका जुळलीय. पोटात जाऊन ती आणखी कुणाकुणाला चिकटेल ते कंप्युटर सांगत नाय. आधी लॅब, मग उंदीर, मग माणसं."

"उंदरांनंतर माझा नंबर?" शैला म्हणाली. "दुनियेचं औषध शोधता आणि घरात वाटीभर पाला उकळून देत नाय."

तिने त्याच्याशी बोलणं टाकलं. वाढलेलं जेवायची, पण मान वर करायची नाही. बरेच दिवस असं चाललं, तेव्हा मी वालाचं बिरडं घेऊन त्याला चार शब्द सुनवायला गेले. शैला पलंगावर डोळे मिटून पडली होती. विनायक मागच्या पडवीत नाक दाबून वाटीतलं काहीतरी पीत होता. वासावरून मी ओळखलं.

"निर्गुडी? पिऊ नका म्हणून तूच सगळ्यांना सांगत फिरतोस ना?"

"हळू बोला, काकी. मी पिऊन बघतोय. परवा रक्त तपासून घेणार. लिव्हर ठीक असलं तर तिला काढा थोडा थोडा देईन."

"एवढ्याने तुझं शास्त्र समाधान पावतं?"

"नाय. माझ्या एकट्याच्या पिण्यानं काय सिद्ध होतंय?"

"पण तिचं दुखणं तरी उतरेल?"

"तसंही वाटत नाय. विषाणू तिच्या अंगातून केव्हाच गेला. मी शोधतोय ते झालं तर पुढच्या कुणाला तरी. तिला नाय."

"मग कशाला देतोस?"

त्याने वाटी संपवली. तोंड वाकडं केलं.

"मागते ना ती."

आतून शैलाची हाक आली, "कोण आलंय?" विनायकाने वाटी घाईघाईने माझ्या हातात दिली आणि तिला उठवून बसवायला आत गेला.

मी वाटी मोरीवर नेऊन घासली. वास जाईना. पुन्हा घासली, आणि माझ्या पदराने पुसून फळीवर जागच्या जागी ठेवली.