गुडघ्यावर एकमत

अंबाजीआबांच्या उजव्या गुडघ्याने मांडी घालायला नकार दिला, तेव्हा गावच्या सप्ताहाला वीस दिवस उरले होते. नवलाख उंबरे या गावच्या भजनी मंडळात आबा तीस वर्षं पखवाज वाजवत होते, आणि तो मांडी घालूनच वाजवायचा असतो, याबाबत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पुतण्या आदिनाथ कंपनीत कामाला, स्वभावाने सोय बघणारा. त्याने दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकची खुर्ची आणून ओट्यावर ठेवली.

"आबा, हिच्यावर बसून वाजवा की. कुनाला काय त्याचं?"

"खुर्चीवर बसून केस कापतेत," आबा म्हणाले. "मला मांडी घालता आली न्हाई, तर तू वाजव. मी घरी बसतो."

आबा घरी बसले तर गुडघ्याआधी माणूसच खचेल, हे त्यांच्या बायकोला, नंदाबाईंना, पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे उपचारात कसर राहिली नाही. कामशेतच्या डॉक्टर रेणुकाबाई गोळ्या देत होत्या. वराळ्याचे रतनवैद्य काढा देत होते. आणि कामशेतच्याच बाजारात नूरमहंमदचाचा तेल लावून गुडघा चोळून देत होते. तिघंही चांगली माणसं होती, फक्त आबांचा गुडघा आपल्या एकट्याच्याच हाताखाली आहे अशी तिघांचीही समजूत होती.

याला कारण आबांची मुरवत. एका घरी जेवून दुसऱ्याच्या दारात गेलं, तर जेवून आलो म्हणायचं नाही, वाढलेल्या ताटावर बसून चार घास खायचे, ही गावची रीत त्यांनी औषधालाही लावली होती. "आणखी कुणाचं काही घेता का?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, की आबा हात जोडून म्हणत, "तुमच्याबिगर हाय कोन आमाला?" हेच वाक्य ते वराळ्यात म्हणत, आणि हेच बाजारात. ऐकणाऱ्याला बरं वाटे, आणि औषध जरा जास्तच मिळे. तरीही घरातली औषधं वेळेआधी संपत. आबा आठ दिवसांच्या गोळ्या पाचव्या दिवशी मागायला येतात, याचं रेणुकाबाईंना कोडं पडलं होतं.

गुडघ्याच्या गोळीने पोटात जळजळ सुरू झाली. आबांनी वैद्यांना जळजळ सांगितली, गोळी सांगितली नाही. वैद्यांनी पित्त ठरवून काढ्यात ज्येष्ठमध वाढवला. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढला आणि पायांवर सूज आली. आबांनी डॉक्टरीणबाईंना सूज दाखवली, काढा दाखवला नाही. त्यांनी आधीपासून चालू असलेली बीपीची गोळी वाढवली आणि सूज उतरायला लघवीची आणखी एक दिली. आता आबा दर पंधरा मिनिटांनी उठू लागले, आणि उठायचं म्हटलं की गुडघाच लागतो. तो पुन्हा धरला, तेव्हा चाचांनी मालिश दुप्पट केली.

सून प्रेरणा लोणावळ्याच्या एका हॉटेलात नोकरीला होती. तिने हॉटेलजवळच नवीन उघडलेल्या एका केंद्राची पाटी पाहिली होती, इंटिग्रेटिव्ह मेडिसिनची. रविवारी ती आबांना तिथे घेऊन गेली. डॉक्टर प्रतीक्षा यांनी आबांना अर्धा तास दिला, एवढ्यानेच आबा निम्मे बरे झाले.

"आबा, इथे आमचंच खरं असं काही नसतं," त्या म्हणाल्या. "गोळी असो, काढा असो, योगासनं असोत नाहीतर मालिश. ज्याचा उपयोग होतो असं तपासून दिसलंय, तेच घ्यायचं, आणि तेही सगळ्यांनी मिळून ठरवून. एकाचं दुसऱ्याला माहीत पाहिजे. आणि मधोमध आजार नाही, तुम्ही."

मधोमध आपण, हे आबांना फारच आवडलं.

"तर मग सांगा, सध्या काय काय चालू आहे?"

इतक्या भल्या बाईसमोर तीन परक्यांची नावं कशी काढायची? आबांचे हात आपोआप जुळले. "काय न्हाई. तुमच्याबिगर हाय कोन आमाला?"

प्रतीक्षाबाईंनी हलका व्यायाम शिकवला, पुढच्या वेळी घरातली औषधाची प्रत्येक पुडी घेऊन यायला बजावलं, आणि प्रेरणाच्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला. पुढची वेळ सप्ताहानंतरची होती.

आबांनी तिघांनाही सप्ताहाचं आमंत्रण दिलं होतं, पण हिशेबाने. डॉक्टरीणबाईंना पहिला दिवस, वैद्यांना तिसरा, चाचांना पाचवा. मात्र आपण बरा केलेला गुडघा पहिल्याच दिवशी बघावा, असं प्रत्येकाला वाटलं. पहिल्या दिवशी दुपारी वैद्य आणि चाचा, दोघांचे फोन आले, आजच येतो म्हणून. आता कुणाचंही औषध चुकवणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. आबांनी काढा घेतला, त्याच्याच घोटांबरोबर सगळ्या गोळ्या घेतल्या, वरून तेल चोपडलं. मधेच उठावं लागू नये म्हणून पाण्याला मात्र ते सकाळपासूनच शिवले नव्हते.

संध्याकाळी आबांनी मांडी घातली. गुडघा कुरकुरला, पण बसला. मांडवात तीन ठिकाणी तीन चेहरे कौतुकाने फुलले. दुसऱ्या अभंगापर्यंत पखवाज छान बोलला. तिसऱ्याला आबांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि ते उशीवर डोकं टेकावं तसे पखवाजावर आडवे झाले.

तिघंही एकदमच पोचले.

"बाजूला व्हा. त्यांना माझ्या गोळ्या चालू आहेत," रेणुकाबाई म्हणाल्या.

"गोळ्या कसल्या? त्यांना माझा काढा चालू आहे," वैद्य म्हणाले.

"आधी पानी पाजा," चाचा म्हणाले. "भांडन मागनं करा."

पाणी पोटात जाताच आबा शुद्धीवर आले, पण शरमेने त्यांनी डोळे मिटूनच ठेवले. घाबरलेल्या नंदाबाई घरून औषधाची पिशवी घेऊन आल्या आणि त्यांनी ती सतरंजीवर उपडी केली. तिघांनी वाकून एकेक पुडी, एकेक बाटली उलटून पाहिली. मग, म्हणून बीपी उतरत नव्हतं, असं रेणुकाबाई म्हणाल्या. म्हणून जळजळ थांबत नव्हती, असं वैद्य म्हणाले. दोघांचाही आवाज चढायला लागला, तेव्हा चाचांनी खाकरून घेतलं.

"डॉक्टरीणबाई, तुमची मान अन् वैद्यबुवा, तुमची कंबर, वरसभर मीच चोळतोय. तुमी तरी कुटं कुनाला सांगितलंय?"

त्यानंतर चर्चा फार समंजसपणे झाली. प्रेरणाने प्रतीक्षाबाईंना फोन लावला. जळजळ करणारी गोळी बंद झाली, काढ्यातला ज्येष्ठमध गेला, लघवीची गोळी थांबली. बीपीची गोळी रोज मोजून ठरवायची होती. तेल राहिलं, व्यायाम राहिला. उद्यापासून वाजवायला हरकत नाही, असंही ठरलं. फक्त शेवटी फोनवरच्या प्रतीक्षाबाईंसह चौघांनी एकाच सुरात सांगितलं, की मांडी घालायची नाही, खुर्चीवर बसायचं.

आबांनी डोळे उघडले. कुणीतरी फुटेल म्हणून एकेकाकडे पाहिलं. कुणी फुटलं नाही. यांचं एकमेकांना ठाऊक नव्हतं तेच बरं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी आदिनाथने खुर्ची उपरण्याने पुसून मांडली. बीपी मोजायचं यंत्र घेऊन रेणुकाबाई आल्या होत्या, वैद्य आणि चाचाही लक्ष ठेवायला आले होते. आबा पडेल चेहऱ्याने बसले. पण उंचावरून त्यांना आज पहिल्यांदाच मांडवाचं दुसरं टोक दिसलं. तिथे नंदाबाई खांबाला टेकून, पाय लांब सोडून, पदराआड स्वतःचा गुडघा दाबत बसल्या होत्या.

मध्यंतरात आबा काठी टेकत तिकडे गेले. "कवापासनं दुखतोय?"

"लय दिस झालं. तीन-चार वरसं."

तीस वर्षं पखवाजापुढे बसून त्यांनी हे टोक कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी आदिनाथला दुसरी खुर्ची आणायला सांगितलं. मागोमाग आलेल्या रेणुकाबाईंनी विचारलं, "मावशी, तुम्ही कुणाला दाखवलं नाहीत? काही घेत नाही?"

नंदाबाईंनी पदर सारखा केला.

"घेते की. ह्यांच्यातलंच, थोडं थोडं सगळं."