पाहुण्यांचे कप

झुंबरबाई जीपमध्ये बसून श्रीगोंद्याच्या बाजाराला गेल्या आणि रंगनाथतात्यांनी काचेचं कपाट उघडलं.

आत सहा कप-बश्या होत्या. पांढऱ्या, पातळ, सोनेरी कडेच्या. लेकाला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्याने आईसाठी आणलेल्या. लेकाचे केस पिकायला लागले, कपांची कड मात्र तशीच राहिली. कारण ते पाहुण्यांचे होते. पाहुणा दोन बोटांत कपाचा कान धरून निवांत घोट घ्यायचा आणि तात्या धोतराच्या सोग्यात तापलेला स्टीलचा पेला धरून त्याच्याकडे बघत बसायचे.

"अगं, मला बी दे की एकदा त्यात."

"तुमी काय पाव्हनं हाय का?"

आपल्याच घरी माणूस पाहुणा कसा होणार?

आज तात्यांनी स्वतःच चहा केला, साखर जरा जास्त टाकली आणि कप घेऊन बाहेर ओट्यावर बसले. आत अंधार होता आणि त्यांना सोनेरी कड उन्हात बघायची होती. तिथेच चुकलं. बशीत चहा ओतला, तोंडाशी नेणार, तेवढ्यात घासाचा भारा घेऊन शेजारच्या आक्काबाई आल्या.

झुंबरबाईचा कप बाहेर म्हणजे घरात पाहुणे, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. आणि लग्नाची नात असलेल्या घरात पाहुणे कशाला येतात, हेही.

"भावजी, पाव्हनं आलं व्हय?"

नाही म्हणावं, तर कपाचं काय सांगणार? झुंबरबाई जीपमधून उतरायच्या आत आक्काबाईंनी त्यांच्या कानावर घातलं असतं. तात्यांनी बशी हळूच खाली ठेवली.

"व्हय."

"संस्कृतीला बघायला? पन पोरगी तर सावेडीला, कॉलेजात."

"आधी घर बघत्यात."

"मंग कुठंयत?"

"रानात. ऊस बघायला गेल्यात."

आक्काबाईंनी भारा तिथेच टाकला. थोड्याच वेळात भावकी गोळा झाली. पुतण्या गोरक्ष इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून आला. कुणी सतरंजी अंथरली. आक्काबाईंच्या घरून पोह्यांच्या फोडणीचा वास यायला लागला.

"तात्या, पाव्हन्यांला एकटंच रानात सोडलं? थांबा, मी जातो."

"नगं! त्यांना एकट्यानंच बघायचं हाय."

"का?"

"शिकलेली मानसं हायत."

हे सगळ्यांना पटलं. शिकलेली माणसं काहीही करतात. एका म्हाताऱ्याने तर पोह्यांत मिरची कमी टाकायचा निरोपही धाडला. तात्यांच्या बशीतल्या चहावर साय धरत होती. ते तिच्याकडे बघत होते. पण पाहुण्यांचा चहा सगळ्यांदेखत कसा प्यायचा?

जीप आली. झुंबरबाईंना फाट्यावरच बातमी लागली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, अंगणात येईपर्यंत दम लागलेला आणि चेहरा मात्र फुललेला.

"कुठलं हायत? पोरगं काय करतं?"

तात्या आपल्या पायांच्या अंगठ्याकडे बघायला लागले. झुंबरबाईंनी ओट्यावरची बशी पाहिली. दारातून उघडं कपाट पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा फुललेला चेहरा हळूहळू उतरला. सगळी भावकी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"गेलं की पाव्हनं. मला वाटंतच भेटलं. लई घाईत हुतं. तुमी बसा, च्या घेऊन जावा."

माणसं मोजून सहा होती. सहाही कप निघाले.

"काकी, यात च्या लई झ्याक लागतो बगा," गोरक्ष म्हणाला. तात्यांनी स्टीलचा पेला सोग्यात धरला.

सगळे पांगले. झुंबरबाई पाठमोऱ्या बसून कप धुवत होत्या. तात्या दाराशी उभे राहून बोलणी खायची वाट बघत होते.

"कसा लागला?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"काय?"

"च्या. त्यातला."

"प्यायलोच न्हाई. बशीत वतला अन् आक्काबाई आली."

झुंबरबाईंनी कप पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

"मला वाटलं, तुमी तरी सांगताल."

तात्यांनी आठवून पाहिलं. पाहुणे आले की या बाईच्या हातात पेलासुद्धा नसायचा. पातेल्यात उरलेलं ती चुलीपाशी वाटीत घ्यायची. उरलं तर.

त्यांनी आत येऊन पातेलं गॅसवर ठेवलं. चहा झाला. दोन कप भरले, दोघं समोरासमोर बसले. झुंबरबाईंनी कपाचा कान दोन बोटांत धरून पाहिला आणि लाजून हसल्या. कप ओठांशी नेला, तोच बाहेरून आक्काबाईंची हाक आली.

"झुंबरबाय! अगं, पाव्हनं काय म्हनलं?"

जन्मात कुणाला दारातून परत न धाडलेल्या झुंबरबाईंनी पायानेच दार लोटलं आणि आतून ओरडल्या,

"घरात कुनी न्हाई!"

बाहेरून आक्काबाई म्हणाल्या,

"बरं. आल्यावं सांगा, मी येऊन गेले म्हनून."