सोपानतात्यांची पहिली ओळ

काटेवाडीतले आमचे शेजारी सोपानतात्या जाहिरातीच्या ई-मेललाही उत्तर लिहितात. एका गादीच्या दुकानाला त्यांनी लिहिलं, 'सप्रेम नमस्कार. आपली वळख न्हाय. माझं नाव तुमच्या यादीत कुणी घातलं? मला इचारलं का?' उत्तरादाखल उशांवर सवलत आली. तात्यांनी पुन्हा लिहिलं.

"पुसून टाका की," मी म्हणालो.

"मास्तर, आवतणाबिगर पंगतीला बसलं तर लोक हसत्यात. ह्ये तर न इचारता घरात शिरत्यात."

तात्यांची स्वतःचीही यादी आहे. रोज सकाळी ते बारामतीच्या बाजारातला भाजीचा भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवतात. पण त्या यादीत शिरणं सोयरीक जमवण्याइतकं अवघड. तात्या वही घेऊन घरी येतात. "भाव रोज धाडू का? न्हाय म्हणला तरी चा घेऊनच जाईन." होकार मिळाला की वहीत सही. बायकोच्या नावापुढे मीच सही करायला गेलो, तर त्यांनी पेन काढून घेतलं. "सूनबाईला इचारलं का?" बायको आतून हसली. ते हसणं अजून टोचतं मला.

वहीतली पहिली ओळ मात्र कोरी. देवासाठी सोडली असेल, असं मला वाटायचं. गेल्या महिन्यात विचारलंच.

"सुनंदाची हाय."

सुनंदा त्यांची लेक, बावड्याला दिलेली. तीही शेतकरी; ढोबळी मिरची लावते. मी म्हणालो, "नंबर द्या, आत्ता घालतो."

तात्यांनी वही मिटली. "कॉलेजात व्हती. पावणं आलं, मी सुपारी फोडली. तिला इचारलंच न्हाय, मास्तर. सणाला येती, पर माझ्याशी कामापुरतं बोलती. आता न इचारता तिचं नाव कशातच घालणार न्हाय."

"मग विचारा की."

तात्या चपला घालून निघाले. पंचक्रोशीतल्या कुठल्याही दारात बेधडक शिरणारा हा माणूस लेकीच्या दारात जायला घाबरत होता. मला फार वाईट वाटलं.

परवा मात्र वही काखेत मारून ते एसटीनं बावड्याला गेले. संध्याकाळी मी फाट्यावरच थांबलो होतो.

"काय म्हणाली?"

"इचार करून सांगते म्हणली."

एवढे खूश तात्या मला कधी दिसले नव्हते. मी म्हणालो, "म्हणजे 'हो' काही म्हणाली नाही."

"घेऊ द्या की येळ," तात्या म्हणाले. "आमी कुठं दिला व्हता."