चांदभाईचं फिरतं छप्पर

आपत्ती ही राष्ट्राच्या विकासाची पहिली पायरी असते, असे सोपानरावांचे ठाम मत होते. (दुसरी पायरी अर्ज.) तालुक्याच्या कचेरीत एकतीस वर्षे आवक-जावक बारनिशी सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाचे मत हलके मानता येत नाही. मात्र हे मत त्यांनी मोशीत प्रथम जाहीरपणे मांडले, तेव्हा ऐकायला एकटा चांदभाई लेथवाला होता, आणि तो आपल्या वर्कशॉपच्या भिंतीवर चढून छप्पर कुठे गेले ते शोधत होता.

छप्पर नदीपलीकडे गेले होते. अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यात एका दुपारी असे काही वारे सुटले की अकरा पत्रे लाकडी सांगाड्यासकट उचलले गेले, इंद्रायणी ओलांडून गेले आणि गेनूच्या शेतातल्या कांद्याच्या ढिगावर, कोणी मापून ठेवावेत तसे जाऊन बसले. नदीच्या अलीकडे एक तालुका आणि पलीकडे दुसरा. ही गोष्ट वाऱ्याला ठाऊक नव्हती. सोपानरावांना होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनू स्वतःच आला.

"चांदभाई, तुजं छप्पार माज्या कांद्यावर येऊन बसलंय. गाडी जुपतो. दुपारपातूर आणू, सांजच्याला ठोकून मोकळं हू."

तेवढ्यात सोपानरावांची छत्री मध्ये आडवी झाली.

"खबरदार! पत्रा हलला की पुरावा हलला. पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही."

"अहो काका, दहा जूनला कंपनीचा माणूस यायचाय," चांदभाई म्हणाला. "शेडवर छप्पर दिसलं तर काम देतो म्हणालाय. ब्रॅकेटला भोकं पाडायची. वर्षभराचं काम आहे."

"भोकं कधीही पाडता येतात, चांदभाई. अनुदान कधीही येत नाही."

हे वाक्य इतके खरे होते की चांदभाईने हातातली हातोडी खाली ठेवली. गेनू रिकामी गाडी घेऊन परत गेला.

सोपानरावांनी एका रात्रीत दोन अर्ज तयार केले. एक नैसर्गिक आपत्तीच्या अनुदानासाठी, दुसरा ग्रामीण लघुउद्योगांना मिळणाऱ्या अनुदानासाठी. एकावर भागले नसते का, असे कोणी विचारील. पण ज्याला दोन अर्ज करता येतात त्याने एकच करणे हा कागदाचा अपमान आहे. अडचण एवढीच होती की पहिल्या योजनेत वर्कशॉपवर छप्पर नसणे आवश्यक होते आणि दुसऱ्या योजनेत असणे. कच्च्या माणसाने इथे हात टेकले असते. सोपानरावांनी छप्पर ही जंगम मालमत्ता ठरवली.

व्यवस्था अशी. उद्योगवाले साहेब सोमवारी येत. रविवारी गेनूची बैलगाडी पत्रे घेऊन पुलावरून अलीकडे येई आणि चांदभाई ते ठोकी. आपत्तीवाले साहेब गुरुवारी येत. बुधवारी पत्रे काढून पलीकडे नेत आणि कांद्याच्या ढिगावर मूळ जागी मांडत. (मूळ जागा चुकू नये म्हणून चारही कोपऱ्यांना सोपानरावांनी जातीने चुन्याच्या खुणा केल्या होत्या. वाऱ्याने केलेल्या कामापेक्षा हे काम नेटके होते, असे आपत्तीवाले साहेबही म्हणाले.)

पाहणी एकदाच करून भागत नाही, हे कचेरीत न राबलेल्यांना कळणार नाही. आपत्तीवाले साहेब पहिल्या खेपेला टेप विसरले. दुसऱ्या खेपेला टेप होता, पण तो इंचांचा; फॉर्म मीटरचा. तिसऱ्या खेपेला असे निघाले की नुकसान अलीकडच्या तालुक्यात आणि नुकसान पावलेली वस्तू पलीकडच्या, म्हणून पलीकडच्या कचेरीचे पत्र हवे. उद्योगवाले साहेबांना आधी पाटी हवी होती. पाटी लावली तर ती छपराच्या मानाने फार नवी दिसते असा शेरा आला.

दिवाळीपर्यंतचा हिशेब सोपानरावांच्या वहीत आहे. छपराच्या पुलावरून फेऱ्या: एकोणीस. पहिल्या फेरीला लागलेला वेळ: पाच तास. एकोणिसाव्या: सव्वा तास. रोजगार मिळालेले: माणसे सहा, बैल दोन. 'परिसरात रोजगारनिर्मिती झाली असून योजनेचा हेतू अनुदानापूर्वीच सफल झाला आहे,' असे त्यांनी अहवालात लिहिले आणि स्वतःच दोनदा वाचले. दर फेरीला पत्र्यांची भोके रुंद होत गेली, एवढे मात्र अहवालात नव्हते.

कंपनीचा माणूस कबूल केल्याप्रमाणे दहा जूनला आला होता. पण बुधवारीच पत्रे पलीकडे गेले होते. तो आत आला तेव्हा लेथवर ताडपत्री होती आणि शेजारी चांदभाईची बायको कमरुन्निसा छत्री धरून उभी होती.

"छप्पर?" त्याने विचारले.

"येतंय साहेब," चांदभाई म्हणाला. "पुलावर असेल."

माणूस भला होता. दिवाळीनंतर एकदा शेवटचा येईन म्हणाला. तोवर सगळा पावसाळा कमरुन्निसाने लेथला रोज सकाळी ग्रीस चोपडून काढला. लेकरालाही एवढं तेल लागलं नसतं, असे ती म्हणे, आणि म्हणताना सोपानरावांकडे बघे.

दिवाळी झाली. कंपनीच्या माणसाने सोमवारी सकाळी दहाची वेळ कळवली. त्याच टपालाने सोपानरावांना दुसरे पत्र आले. दोन्ही साहेब त्याच सोमवारी संयुक्त पाहणीला येणार होते.

सोपानरावांनी एक पान खाल्ले, डोळे मिटले आणि मार्ग काढला.

"अर्धं छप्पर ठेवायचं. उद्योगवाल्यांना उजवीकडे उभं करू, आपत्तीवाल्यांना डावीकडे."

"पत्रे अकरा हायेत की, काका," गेनू म्हणाला.

"मग साडेपाच."

"आन् कंपनीवाला कुठं उभा ऱ्हाणार?"

या मुद्द्यावर नियम शांत होते. सोपानरावांनी दुसरे पान लावायला घेतले.

रविवारी दुपारी ते चुन्याच्या खुणा ताज्या करायला पलीकडे गेले. परत येऊन बघतात तो शेडवर सगळे अकरा पत्रे. लाकडी सांगाडा जाऊन लोखंडी अँगल आलेले. चांदभाई वर बसून नट-बोल्टांवर वेल्डिंगचे टाके मारत होता आणि कमरुन्निसा खालून शिडी धरून होती.

"अरे, हे काय केलंत?" सोपानराव ओरडले. "आता हे निघणार कसं?"

"निघणार न्हाई काका," कमरुन्निसा म्हणाली. "म्हणून तर मारलं."

सोमवारी दहाला कंपनीचा माणूस आला. त्याने वर पाहिले, लेथवरून बोट फिरवले आणि काम दिले. दुपारी ड्रिल सुरू झाले. दोन्ही साहेब आले नाहीत. दोघांना मिळून एकच जीप होती आणि ती आधी कोणाला घ्यायला जाईल हे ठरले नव्हते.

महिन्याभराने जीप एकदाची आली आणि दोन्ही फायली एकाच दिवशी निकालात निघाल्या. पहिलीवर शेरा: 'छप्पर आढळले, सबब आपत्ती नाही.' दुसरीवर: 'काम सुरू आहे, सबब साहाय्याची गरज नाही.' छप्पर उडाल्याचे जेवढे वाईट चांदभाईला वाटले नव्हते, तेवढे ते टिकल्याचे सोपानरावांना वाटले. माणसांना मदत करणे सोपे असते, पण मदत होईपर्यंत त्यांना तसेच ठेवणे फार कठीण, असे ते म्हणू लागले.

पण देव कष्टाचे चीज करतो. पुढच्याच उन्हाळ्यात वारे आले आणि खुद्द सोपानरावांच्या स्वयंपाकघरावरची सहा कौले गेली. गेनू गाडी न जुंपता पाटीत दुसरी सहा कौले घेऊनच आला.

"काका, शिडी धरा. तोंडातली इडी इझायच्या आत बसवतो."

सोपानरावांची छत्री आडवी झाली.

याला आता तिसरा पावसाळा चालू आहे. त्यांच्या पत्नी गिरजाबाई यांनी आपला स्टोव्ह उचलला आणि चांदभाईच्या शेडच्या कोपऱ्यात नेला. तिथे गळत नाही. सोपानराव दोन वेळा जेवायला तिथे जातात, हात धुतात आणि परत येऊन छत्री उघडून स्वयंपाकघरात पुराव्याजवळ बसतात.

फाइल पूर्ण आहे. टेप आहे, मीटरचा आहे, कौलांच्या तुकड्यांभोवती चुन्याच्या खुणा आहेत. फक्त पाच पंच लागतात आणि चारच मिळाले. पाचवा म्हणून गेनूला विचारले, तर तो म्हणाला, "मी कौलं बसवाय येतो, सही कराय न्हाई." कमरुन्निसा शिडी देईन म्हणाली. अशा लोकांना पंच करता येत नाही.

पंच कसा हवा? त्याने सगळे पहिल्यापासून डोळ्यांनी पाहिलेले असावे, मधूनमधून हसलेले असावे, आणि एवढ्या अवधीत एका पत्र्याला किंवा कौलाला हात लावलेला नसावा. तुम्ही इथवर आलाच आहात, तर खाली या रिकाम्या जागेत तेवढी सही करता का? पेन मात्र स्वतःचे आणा. सोपानरावांचे भिजले आहे.